डाव्या कानात सांगितलेलं

आबा वॉर्डात आले ते एका माणसाचं नाक फोडूनच.

झालं असं की लिफ्टचं दार उघडल्यावर वॉर्डबॉयनं चाकांची खुर्ची पुढे केली. पंचावन्न वर्षांचा गरीब माणूस तो, गुडघेदुखीनं स्वतःच लंगडणारा. "बसा काका, लांब चालायचंय," एवढंच म्हणाला. आबांनी खुर्चीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी मेलो नाही अजून." वॉर्डबॉयनं सवयीनं त्यांच्या दंडाला हात लावला. दुसऱ्या क्षणी तो भिंतीला टेकून खाली बसला होता, नाकातून रक्त हनुवटीवर आणि हनुवटीवरून सदऱ्यावर ठिबकत होतं, आणि आबा आपली मूठ पँटला पुसत उभे होते.

आतल्या खोलीत सिस्टर सिरिंज भरत होती. तिनं माणूस पाहिला नाही, आधी आवाज ऐकला. हाडावर मूठ बसल्याचा आवाज पुष्कळांनी ऐकलेला नसतो, त्यामुळे बाकीच्यांना वाटलं, काहीतरी पडलं. तिला मात्र तसं वाटलं नाही. सिरिंज तिनं हळूच ट्रेमध्ये ठेवली. एकोणीस वर्षं झाली होती, तरी तो आवाज तिनं ओळखला.

घरात तिला थोरली म्हणत. आबा तिचे वडील.

आबा कत्तलखान्यात घण मारायचे. यंत्रं यायच्या आधीची गोष्ट. जनावर लोखंडी चौकटीत उभं करायचं, दोघांनी शिंगं धरायची आणि आबांनी कपाळावर, डोळ्यांच्या जरा वर, घण घालायचा. एक घाव, की जनावर गुडघ्यांवर. दुसरा घाव कधी घालावा लागला नाही, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. तिथले लोक त्यांना तोंडावर वस्ताद म्हणायचे आणि पाठीमागे घण्या. पुढे यंत्र आलं तेव्हा ते सुरा धरून आकड्याला टांगलेली धडं सोलायला लागले, पण नाव घण्याच राहिलं.

कामावर माणूस शांत. राग घरी यायचा. पाणी कोमट निघालं, दार उघडायला उशीर झाला, आईनं मान वर करून पाहिलं, नाही पाहिलं, कशावरूनही यायचा. थोरली आणि धाकटा, दोघं भावंडं कपाटामागच्या फटीत उभी राहायची आणि फटके मोजायची. सातच्या पुढे गेलं तर आई दुसऱ्या दिवशी कामाला जात नसे.

त्या घरात भावंडांना एकच करमणूक होती. एकदा चौकटीतला बैल उसळला आणि त्याचं शिंग आबांच्या कानशिलात बसलं. डावा कान कायमचा गेला. बाहेर कळलं तर घणावरून काढतील म्हणून त्यांनी हे कुणालाच कळू दिलं नाही. ऐकू आलं नाही की मान डोलवायची, काम भागायचं. घरातल्यांना मात्र माहीत होतं. मग पोरं जेवताना मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसायची आणि तोंड न हलवता पुटपुटायची, "मर मेल्या." आबा घास चावत मान डोलवायचे. धाकट्याला एकदा एवढं हसू आलं की तो ताटावरच उलटला, आणि त्यासाठी त्यानं मार खाल्ला.

थोरली सोळा वर्षांची असताना एका रविवारी दुपारी आबांनी आईचं मनगट पिळलं. पिळत राहिले. आई आधी ओरडत होती, मग ओरडेनाशी झाली आणि एक कोरडा आवाज झाला. थोरलीनं खिडकीतली सुरे परजायची पोलादी सळई उचलली आणि बापाच्या तोंडावर मारली. दोन दात जमिनीवर पडले. आबा रक्त थुंकत बघतच राहिले. कुणी मारलं याचंच त्यांना नवल वाटत होतं. तेवढ्या वेळात तिनं आईला ओढत बाहेर काढलं. धाकटा मागून पळत आला, पण आबांनी त्याला दारातच मानेला धरलं. तो बारा वर्षांचा होता. तो तिथंच राहिला, तिथंच वाढला आणि पुढे त्याच कत्तलखान्यात लागला.

आईचं मनगट वाकडंच जुळलं. थोरली नर्स झाली, आईला घेऊन दोन खोल्यांत राहिली, लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडली नाही. धाकटा दोन-चार महिन्यांनी चोरून भेटायचा. मागच्याच महिन्यात त्यानं फोनवर सांगितलं होतं, "ताई, आबांच्या पाठीचा मणका मोडला. नुसतं धड उचलताना. हाडांतल्या मज्जेचा कॅन्सर निघालाय, हाडं आतून पोखरलीत." ती म्हणाली होती, "मला सांगू नकोस." त्यानं खरंच पुढचं सांगितलं नाही. कुठल्या इस्पितळात नेणार, कधी नेणार, काहीच नाही.

आणि आता ते तिच्याच वॉर्डात उभे होते. केस पांढरे, कमरेला पट्टा, बांधा अजून दरवाजाएवढा. थोरलीच्या डोक्याला टोपी होती, तोंडाला मास्क. उघडे होते ते फक्त डोळे.

धाकट्यानं तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तिनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. तेवढ्यात खालचे सुरक्षारक्षक वर आले, नाक फोडल्याचं लिहून घ्यायला कुणीतरी घरचं माणूस हवं म्हणून धाकट्याला खाली घेऊन गेले.

नियम असा होता की घरचा माणूस पेशंट म्हणून आला तर नर्सनं सांगायचं आणि दुसरीला उभं करायचं. थोरलीनं सांगितलं नाही. का, हे तिला त्या वेळी विचारलं असतं तर म्हणाली असती, गडबड होती.

डॉक्टरीणबाई आबांच्या समोर स्टूल घेऊन बसल्या. मारामारीचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

"तुमच्या हाडांच्या मज्जेतल्या एका जातीच्या पेशी बिघडल्यात," त्या म्हणाल्या. "त्या नको तेवढी प्रथिनं बनवतात. आता कुठल्याही पेशीत जुनी, बिघडलेली प्रथिनं मोडीत काढायची यंत्रं असतात. पिंपासारखी पोकळ. मोडायच्या प्रथिनाला आधी खूण लागते, मग ते पिंपात ओढलं जातं आणि आत त्याचे तुकडे होतात."

"खूण कोण लावतं?" आबांनी विचारलं.

"त्याला वेगळे कामगार आहेत पेशीत."

"आमच्याकडे पण शिक्का मारणारा वेगळा असतो. शिक्का नाही तर जनावर आत नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. "तसंच. तर आपलं इंजेक्शन हे यंत्र अडकवतं. कॅन्सरच्या पेशीत कचरा साचतो आणि ती गुदमरून मरते."

"आणि चांगल्या पेशी?"

थोरली फाईल चाळत ऐकत होती. प्रश्न बरोबर होता. माणूस अडाणी होता, पण मूर्ख कधीच नव्हता.

"त्यांचीही यंत्रं मंदावतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या निभावून नेतात. पण एक धोका आहे. पेशीत विषाणू शिरला की हीच यंत्रं त्याच्या प्रथिनांचेही तुकडे करतात. ते तुकडे पेशी आपल्या अंगावर बाहेर टांगते. शरीरातले पहारेकरी ते बघतात, त्यांना कळतं आत चोर आहे, आणि ते ती पेशी चोरासकट मारून टाकतात. यंत्रं थंडावली की तुकडे बाहेर येत नाहीत. शिवाय या औषधानं पहारेकरीही कमी होतात. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या."

"तो विषाणू अजून तुमच्यातच आहे. मज्जातंतूंच्या मुळाशी झोपलाय. पहारा होता म्हणून इतकी वर्षं उठला नाही. आता उठला तर नागीण होते, आणि ती फार वाईट. त्यावर उपाय आहे, तो सिस्टर तुम्हाला—" तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून हाक आली, कुणालातरी फीट आली होती. डॉक्टरीणबाई उठल्या. "सिस्टर, तुम्ही समजावून सांगा," म्हणत धावल्या.

उपाय म्हणजे एक गोळी. विषाणूला वाढू न देणारी. इंजेक्शनं सुरू झाल्या दिवसापासून रोज, न चुकवता. तिची चिठ्ठी वेगळी असायची. नर्सनं ती पेशंटच्या हातात द्यायची, नीट समजावायचं आणि कागदावर 'सांगितले' या शब्दापुढे बरोबरची खूण करायची.

थोरली आबांच्या खुर्चीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली.

तिथं उभं राहून तिनं सगळं सांगितलं. गोळीचं नाव, वेळ, का घ्यायची, नाही घेतली तर काय होईल. एक शब्द गाळला नाही. आवाज मात्र लहानपणी जेवताना असायचा तेवढा. मास्कमुळे ओठही दिसत नव्हते. आबा समोर फरशीवरचं रक्त पुसणाऱ्या बाईकडे बघत होते. सिस्टर बोलायची थांबली हे नजरेच्या कोपऱ्यातून कळल्यावर त्यांनी मान डोलवली.

तिनं खूण केली. त्यांनी सही केली. चिठ्ठी तिनं एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात, दोन फिल्मच्या मधे सरकवली.

मग तिनं त्यांच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि इंजेक्शन दिलं. ज्या माणसाचा हात उठला की तिला लहानपणी लघवी व्हायची, त्याचं पोट मऊ होतं, पांढऱ्या केसांचं. तिला त्याचा राग आला.

दोन आठवड्यांत चार इंजेक्शनं, मग काही दिवस विश्रांती, मग पुन्हा चार. आठही तिनं दिली. दर वेळी डॉक्टरीणबाई दारातून विचारायच्या, "गोळ्या चालू आहेत ना?" आणि आबा म्हणायचे, "हो हो." बाकीच्या चार तऱ्हेच्या गोळ्या चालूच होत्या, ते खोटं बोलत नव्हते. आठही वेळा थोरलीनं मनाशी ठरवलं की आज उजवीकडून सांगू. मग ते वॉर्डबॉयला शिवी द्यायचे, नाहीतर धाकट्याच्या पाठीत गुद्दा घालायचे, आणि ती म्हणायची, पुढच्या वेळी.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. आई संध्याकाळी वाकड्या हातानं भाजी निवडत विचारायची, "आज कसा होता दिवस?" थोरली म्हणायची, "नेहमीसारखा."

सातव्या आठवड्यात धाकटा सकाळी सकाळी घरीच आला. त्याचा ओठ फाटला होता आणि एक डोळा सुजून मिटला होता. आईनं किंचाळून त्याला आत घेतलं.

"आबांना काहीतरी झालंय ताई," तो म्हणाला. "तीन दिवस डोकं दुखत होतं. काल कपाळावर फोड आले. आज डोळा दिसत नाही. भिंतीवर डोकं आपटतायत. मी धरायला गेलो तर हे केलं. मोरीतलं बेसिन उपटून फेकलं त्यांनी. शेजाऱ्यांनी चौघांनी मिळून बांधलं."

"फोड कुठे कुठे?"

"डाव्या बाजूला. कपाळ, पापणी. नाकाच्या टोकावर पण."

थोरलीनं पर्स उचलली. नाकाच्या टोकावर फोड आला म्हणजे नागीण डोळ्यात उतरली, हे तिला शिकवलेलं होतं.

"तू फोडांचं का विचारतेस?" आई तिच्याकडे बघत म्हणाली. "तुझ्याच इस्पितळात आहे का तो?"

थोरली चपला घालून निघाली.

आबांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. दारापासूनच आवाज येत होता. तिनं कत्तलखान्याच्या आवारात जनावरांचे आवाज ऐकले होते, पण हा तसा नव्हता. जनावर एकदा ओरडतं. हा आवाज थांबायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा वर चढायचा. दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. चेहऱ्याच्या मधोमध रेघ मारावी तशी उजवी बाजू धड होती आणि डावी बाजू सोललेली. कपाळापासून पापणीपर्यंत फोडांचे घोस, काही फुटलेले, काही काळे पडलेले. डोळ्याच्या जागी सुजलेली फट, तीतून पू येत होता. वारा लागला तरी ते किंचाळत होते. चादरीचा कोपरा गालाला लागला तेव्हा त्यांनी पट्ट्यासकट खाट हलवली.

"गोळी घेत नव्हते का हे?" डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला विचारलं.

"कुठली गोळी?"

डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली. खूण होती. सही होती. त्यांनी सुस्कारा सोडला. "सांगितलेलं असतं. लोक विसरतात." मग थोरलीकडे वळून म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही, सिस्टर."

हे ऐकून थोरली सलाईनची बाटली आणायला बाहेर गेली.

तीन दिवस शिरेतून औषध चाललं. आबांचा ताप उतरला, किंचाळणं कण्हण्यावर आलं, पट्टे सोडले. डोळा वाचला नाही. चौथ्या दिवशी दुपारी थोरली सलाईन बदलायला गेली तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आबांच्या उशीशी एक्स-रेचं पाकीट होतं. त्यावर चिठ्ठी.

"धाकट्याला सापडली," आबा म्हणाले. आवाज बसला होता. "त्यानं वाचून दाखवली."

तिनं सलाईनची नवी बाटली आकड्याला अडकवली.

"मास्क काढ थोरले."

तिनं काढला नाही.

"पहिल्या दिवशीच ओळखलं मी तुला. सुई टोचायच्या आधी तू खालचा ओठ आत घेतेस ना, मास्क तिथं आत ओढला जातो. तुझी आई भाजी चिरताना तसंच करते. म्हटलं, बोलेल आज ना उद्या. आठ वेळा पोट उघडं करून बसलो तुझ्यापुढे."

"बोलले होते मी."

"कुठून?" त्यांनी विचारलं. "कुठून बोललीस?"

आणि त्यांचा उजवा हात सुटला. तिचं मनगट त्यांच्या मुठीत आलं, सलाईनची नळी उपटली गेली, बाटली खाली पडून फुटली. मूठ पिळायला लागली. आजारी माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. हाडावर हाड चढल्याचं तिला कळलं. ती ओरडली नाही. तिनं डावा हात वर उचलला, मूठ वळली आणि त्यांच्या दंडावर, कोपर आणि खांद्याच्या मधोमध, सगळा जीव एकवटून मारली.

दंडाचा एक्स-रे तिनं पाहिलेला होता. तिथं उंदरानं कुरतडल्यासारखी भोकं होती. मारताना ते मनात होतं की नव्हतं, हे पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली.

सुकलेली फांदी मोडावी तसा हात मोडला. बोटं सुटली. दंड नको तिथं वाकला आणि आबांच्या तोंडून आवाजच निघाला नाही, नुसतं तोंड उघडं पडलं. एकच डोळा तिच्याकडे बघत होता. त्या डोळ्यात तिला पहिल्यांदा भीती दिसली.

मग तिच्यातली नर्स जागी झाली. तिनं मोडलेला हात दोन्ही तळव्यांवर तोलून धरला, कोपरानं घंटेची कळ दाबली आणि जोरानं हाका मारल्या. डॉक्टरीणबाई धावत आल्या तेव्हा ती तशीच वाकून उभी होती.

"पडले का?"

"नाही. हात मी मोडला," ती म्हणाली. "हे माझे वडील आहेत. गोळीचं मी त्यांना ऐकू न येणाऱ्या कानात सांगितलं. मला माहीत होतं."

घरी जाऊन तिनं आईला सगळं सांगितलं, उभ्यानंच. आई ऐकत राहिली. मग उठली, जवळ आली आणि वाकड्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात तिनं पोरांवर हात उगारला नव्हता. हाताला सवय नव्हती, त्यामुळे चापट अर्धी कानावर, अर्धी मानेवर बसली. पण लागली.

"मार मी खाल्लाय," आई म्हणाली. "वीस वर्षं. हात माझा मोडला. सूड घ्यायचा असता तर मी घेतला असता, त्याच्या जेवणात काय वाटेल ते कालवता आलं असतं मला. तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग?"

आई परत जागेवर जाऊन बसली आणि रडायला लागली. कुणासाठी ते थोरलीनं विचारलं नाही.

पोलीस आबांचा जबाब घ्यायला गेले. धाकटा शेजारी बसला होता, त्यानंच हे नंतर सांगितलं. आबांनी पोलिसांना हाकलून लावलं. "खाटेवरून पडलो," म्हणाले. "लिहा." पोलीस म्हणाला, "पण तुमची मुलगी स्वतः कबूल करतेय." त्यावर आबा उसळले, "मग काय पोरीनं माझा हात मोडला म्हणून लिहून देऊ? सगळा कत्तलखाना हसेल. पडलो म्हणतोय ना!"

इस्पितळाची चौकशी मात्र झाली. लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधला म्हातारा सज्जन होता, तिला वाट काढून देऊ बघत होता.

"गडबडीत बाजू चुकली असेल," तो म्हणाला. "तसं होतं कधी कधी."

"चुकली नाही. मी वळसा घालून गेले."

"मग आठ वेळा ते समोर होते. एकदाही..."

"एकदाही नाही."

"का पण?"



"मला बघायचं होतं," थोरली म्हणाली, "की त्यांना दुखतं का."

टेबलामागच्या बाईनं पेन खाली ठेवलं. थोरलीचा परवाना एका वर्षासाठी काढून घेतला आणि त्या इस्पितळाचं दार कायमचं बंद झालं. तिनं एका मोठ्या धोबीखान्यात काम धरलं. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी वाफेच्या इस्त्रीखाली घालायच्या. कुठल्या चादरीवर कसला डाग आहे हे तिला बघताच कळायचं आणि बाकीच्या बायका तिची चेष्टा करायच्या, "डॉक्टरीण, याला काय झालं होतं?" ती खरं खरं सांगायची, आणि त्या हसायच्या.

आबांना दुसरं औषध सुरू केलं. गोळी धाकटा स्वतः त्यांच्या जिभेवर ठेवायचा आणि तोंड उघडून दाखवायला लावायचा. हातात लोखंडी सळई घालून दंड जोडला, पण त्यात जोर राहिला नाही. ज्या हातानं मारायचे तो भाकरीचा तुकडाही धड मोडेना. धाकटा म्हणाला, "ताई, घरात आता शांत असतं. मला सवय नाही. दचकतो मी."

सहा महिन्यांनी त्यानंच तिला बोलावलं. नागीण बरी झाली तरी मागे दुखणं ठेवून गेली होती. कपाळाची कातडी आतून जळायची, आणि डोळा काढून टाकल्यावर उरलेल्या रिकाम्या खोबणीत रोज मलम घालायला आबा कुणालाच हात लावू देत नव्हते. पू व्हायला लागला होता. "तू येऊन बघ," धाकटा म्हणाला. "शिव्या देतील. देऊ देत."

ती गेली. तेच घर, तीच खिडकी. आबा खुर्चीत बसले होते, अंगानं निम्मे झालेले. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. तिनं हात धुतले, कापूस उकळलेल्या पाण्यात भिजवला आणि खोबणी साफ करायला लागली. बोट कपाळाला लागलं की त्यांचं सगळं अंग ताठ व्हायचं, पण ते हलत नव्हते.

"अजून दुखतं?" तिनं विचारलं.

"रोज. झोपेत पण."

ती साफ करत राहिली.

"तुला बरं वाटलं का?" आबांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

"नाही," ती म्हणाली. "दोन दिवससुद्धा नाही."

"मला वाटायचं," आबा म्हणाले. "मारल्यावर. थोडा वेळ बरं वाटायचं. मग परत राग यायचा." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "ती विचारते का माझं?"

"नाही."

ते खरं होतं. आईनं त्या दिवसानंतर आबांचं नावही काढलं नव्हतं. आबांनी मान हलवली. थोरलीनं मलम भरलं, वर पट्टी लावली, धाकट्याला कसं करायचं ते दोनदा करून दाखवलं आणि त्याच्याकडून एकदा करवून घेतलं.

त्यानंतर ती दर आठवड्याला गेली. माया होती म्हणून नव्हे. धाकट्याच्या हातून पट्टी तिरकी बसायची. आबा आणखी चार महिने जगले आणि एका दुपारी न्यूमोनियानं गेले. थोरलीनं आईला सांगितलं तेव्हा आई कपडे वाळत घालत होती. राहिलेले कपडे तिनं वाळत घातले, मग आत येऊन म्हणाली, "धाकट्याला इकडे घेऊन ये. तिथं एकटा नको राहायला."

थोरली लगेच निघाली. त्याचं सामान एका पिशवीत मावलं.